दोन भाकऱ्यांचा पुरावा

आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म’ एवढंच लिहिलेलं आहे. व्हिसा हा शब्द मी मुद्दाम घातलेला नाही. पाटीवर लिहिलं की लोकांना वाटतं, इथे तो मिळतो. मग ते भाजी घ्यायला आल्यासारखे दारात उभे राहतात आणि विचारतात, “काकू, कॅनडाचा केवढ्याला?” व्हिसा मी देत नाही. देणारे मुंबईत काचेमागे बसतात. मी फक्त फाईल लावते.

कर्जतच्या तहसील कचेरीच्या गल्लीत मी चाळीस वर्षं बसते आहे. आधी टाइपरायटरवर वारसदाखले आणि प्रतिज्ञापत्रं बडवली, मग कॉम्प्युटर आला. पुढे तालुक्यातली मुलं शिकली, नर्स झाली, वेल्डर झाली, इंजिनिअर झाली आणि परदेशाचे फॉर्म घेऊन माझ्याकडे यायला लागली. अख्खा तालुका मला ‘टायपिंगवाल्या काकू’ म्हणून ओळखतो. माझं खरं नाव फक्त लाइटबिलावर उरलं आहे.

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. परदेशात फिरायला जायचं असेल तर तुम्ही नक्की परत येणार, हे पटवून द्यावं लागतं. नोकरीला जायचं असेल तर तुमच्यावाचून त्यांचं अडलंय, हे पटवावं लागतं. आणि तिकडे असलेल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे राहायला जायचं असेल, तर तुमचा संसार खरा आहे हे पटवावं लागतं. तिन्हींत हे शेवटचं सगळ्यात अवघड. खोट्या लग्नाचे कागद कसे व्यवस्थित असतात. खऱ्या संसारात कुणी कागद ठेवत नाही.

मी शिस्तीची बाई आहे. स्वभाव तिखट आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात, ते मला मान्य आहे. फाईलला स्टेपलरची पिन चालत नाही. कागदांचा क्रम चुकला तर मी अख्खा गठ्ठा सोडून पुन्हा लावते. फोटोत हसायचं नाही, पाठीमागे पांढरा पडदा हवा आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत. एका आजीबाईंनी पदर मागे घ्यायला साफ नकार दिला होता. “कान कशाला बगतात गं? मी काय बाजारातला बैल हाय?” त्यांचा फोटो काढायला आम्हाला अर्धा दिवस लागला. दुसऱ्या एका आजोबांनी प्रवासाचं कारण सांगितलं ते असं, “नातवाला बघायला, आणि जमलं तर सुनेला समजवायला.” मी पहिला अर्धा भाग लिहिला.

लोकांचं बोलणं असं नीटनेटकं करून लिहिणं हीच माझी कला, असं मला कायम वाटत आलं. आणि त्यातल्या त्यात खुलाशाचं पत्र लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असाही एक ताठा होता. तो कशामुळे आला ते सांगते.

कशेळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक ठाकरवाडी आहे. तिथला एक तरुण फळबागेचं काम शिकायला दीड वर्षासाठी परदेशी निवडला गेला. वाडीतून असं जाणारा तो पहिलाच. फाईल मी लावली आणि ती प्रश्नचिन्हासह परत आली. अर्जदार, त्याचा बाप आणि त्याची आई, तिघांचीही जन्मतारीख एकच कशी? एक जून! साहेबांना कागद बनावट वाटले. आता यात बनावट काय? आमच्या अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला गुरुजींनी तारीख विचारली की तो म्हणायचा, भात कापायच्या वेळी झाला. गुरुजी काय लिहिणार? शाळा जूनमध्ये सुरू होते, वय बसवायला सोपं, म्हणून ते एक जून लिहून मोकळे व्हायचे. हे सगळं मी दीड पानाच्या पत्रात इंग्रजीतून समजावलं. सोबत त्याच शाळेतल्या वीस मुलांच्या तारखांचा मुख्याध्यापकांच्या सहीचा उतारा जोडला. तीन आठवड्यांत व्हिसा आला. तो तरुण अजूनही दर एक जूनला मला फोन करतो आणि सांगतो, “काकू, आज माझा वाढदिवस, तुमच्यामुळं.”

तेव्हापासून मी जरा फुगलेच होते. पुढे जे घडलं त्यात या फुगण्याचा मोठा वाटा आहे, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

करुणा माझ्याकडे पहिल्यांदा आली ती मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर. नेरळजवळच्या पोशीरची सून, माहेर खालापूर तालुक्यातलं. बी.कॉम. झालेली, नेरळच्या एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायचं काम करायची. नवरा मिलिंद नर्सिंग शिकलेला आणि युरोपातल्या एका देशात म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात नोकरीला. देशाचं नाव लिहीत नाही, माझ्या पुढच्या फायली त्याच खिडकीतून जायच्या आहेत. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. रजा संपली म्हणून लग्नानंतर सत्ताविसाव्या दिवशी तो परत गेला, मधे एकदा तीन आठवडे येऊन गेला. दीड वर्षाच्या संसारात दोघं एका छताखाली राहिलेले दिवस पन्नासही भरत नव्हते. करुणाने तिकडची भाषा शिकून पहिली परीक्षासुद्धा दिली होती. गोठ्यात शेण काढताना ती मोठ्याने त्या भाषेतले आकडे म्हणायची, आणि शेजारच्या बायका तिच्या सासूला विचारायच्या, सूनबाईंना बाहेरचं काही झालंय का.

गावात दुसरीही कुजबुज होती. नवरा नेत नाही म्हणजे तिकडे कुणीतरी असणार. करुणा हे मला हसत हसत सांगायची, पण सांगताना पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहायची.

त्या देशाला संसाराचा पुरावा हवा होता. लग्नाचं नोंदणीपत्र होतं. लग्नाचे फोटो होते. पोशीरच्या बुद्धविहाराच्या अंगणात लग्न झालेलं, नवरानवरी दोघंही पांढऱ्या कपड्यांत, आणि आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे नवरी जमिनीकडे बघतेय, नवरा फोटोग्राफरकडे. एकाही फोटोत दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. बौद्ध लग्नात नवरी पांढरंच नेसते, असा पांढऱ्या साडीबद्दल मी खुलासा लिहिला. मग म्हटलं, “दोघांत संपर्क आहे याचा पुरावा लागेल. मोबाइलवरचे मेसेज दाखव.”

तिने मोबाइल दिला. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. मी वर-खाली सरकवत गेले.

‘जेवलात का’
‘हो. तू’
‘हो’
‘काय होतं’
‘भाकरी नि सुकट. तुमी’
‘पाव’
‘पावानं पोट भरतं का’

दुसऱ्या दिवशी हेच. तिसऱ्या दिवशी हेच, फक्त सुकटीच्या जागी अंबाडी. मला हसूच आलं. “अगं, हे काय? साहेबाला काय पोशीरची खानावळ दाखवायची आहे?”

ती ओशाळली. “काकू, आमी दुसरं काय बोलणार? ते ड्युटीवर, मी ड्युटीवर.”

“असू दे,” मी म्हटलं, “मी बघते.” आणि मी बघितलं. म्हणजे काय केलं, तर सगळी भाकरी-सुकट बाजूला काढली आणि पाडव्याच्या, वाढदिवसाच्या, लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्या निवडल्या. त्यांत गुलाबाची फुलं होती, हृदयाची चित्रं होती, कुठून तरी उतरवून घेतलेले इंग्रजी परिच्छेद होते. शिवाय दोघांच्या वतीने मी एक निवेदन लिहिलं. आमचं एकमेकांवर नितांत प्रेम असून विरह असह्य झाला आहे, अशा धाटणीचं. इंग्रजी झकास जमलं होतं. करुणाने वाचलं आणि विचारलं, “काकू, हे आमी लिवलंय असं वाटंल का?” मी म्हटलं, “वाटायला कशाला हवं? छान वाटतंय ना?”

शिमग्याच्या सुमारास नकार आला.

नकाराची पत्रं मी खूप पाहिली आहेत. माणूस ते पत्र वाचत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो. करुणाने मात्र स्वतः वाचलं, त्यांच्या भाषेत, बोट फिरवत. मी इंग्रजी प्रत वाचली. सादर केलेले संदेश सर्वसाधारण स्वरूपाचे असून काही अन्य ठिकाणाहून घेतलेले दिसतात. उभयतांच्या दैनंदिन जीवनात परस्परांचा सहभाग दिसून येत नाही. प्रत्यक्ष संसार करण्याचा इरादा सिद्ध होत नाही.

शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणतात. साहेबाने तेच केलं होतं. त्याच्या ताटात शितं मी वाढली होती, तीही भाताची नव्हे, गुलाबाच्या पाकळ्यांची.

मिलिंदने तिकडून सांगितलं की अजून एकदा अर्ज करू, आणि पुन्हा नकार आला तर तो नोकरी सोडून परत येईल. ही नोकरी मिळवायला त्याने दोन वर्षं भाषा शिकण्यात घालवली होती. त्या घरातली ती पहिली अशी नोकरी, जिच्यात माणसाला चिखलात वाकावं लागत नव्हतं. म्हणजे आता प्रश्न एवढाच होता. तो परत येणार की ही तिकडे जाणार. आणि फाईल पुन्हा माझ्याच टेबलावर होती. दुसरीकडे जा, असं मी करुणाला सांगूनही पाहिलं. मला खरंच लाज वाटत होती.

तेव्हा ती सासूला घेऊन आली. सासू उंच, वाळलेली, बोलायला मोजकी. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसली नाही. माझ्या कॉम्प्युटरकडे बघत उभ्या उभ्या म्हणाली, “बाय, तुमी शिकलेल्या. मला एक सांगा. माजा पोरगा तितं रोज काय जेवतो ते मला घरात बसून ठावं हाय. ही त्याला इचारते नि मला सांगते. तो हिला इचारतो. एक दिस चुकत नाय. मग त्या सायबाला ते कसं ठावं नाय झालं? तुमी त्याला सांगितलंच नाय का?”

मी पहिल्या फाईलची प्रत काढून टेबलावर पसरली. तिच्यात भाकरी कुठेच नव्हती.

मग मी करुणाकडून रोज थोडा वेळ मोबाइल मागून घेतला आणि दोन वर्षांचे मेसेज पहिल्यापासून वाचले. वाचायला चार दिवस लागले. दुसऱ्याचं खासगी वाचतेय म्हणून आधी संकोच वाटत होता. मग तो गेला, आणि दुसरंच काही वाटायला लागलं.

मागच्या पावसाळ्यातलं एक संभाषण असं होतं:

‘वरच्या खाचराचा बांध फुटला’
‘कोण गेलं’
‘मी. आईंचं गुडघं दुखतंय’
‘गमबूट घातलेस’
‘चिखलात रुततात’
‘बांधाला फुरसं असतं. गमबूट घाल’
‘घातले’
‘फोटो टाक’

आणि खाली फोटो. चिखलाने माखलेले दोन काळे गमबूट आणि पाठीमागे बांधाला लावलेली ताजी माती. त्यावर त्याने काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसता अंगठा.

दुसरं एक त्याचं होतं. ‘आज एक आजी जेवेनात. तीन दिवस जेवल्या नव्हत्या. मी आपल्या भाषेत म्हटलं, जेवा हो, दोनच घास. आई तुला म्हणते तसं. त्यांनी तोंड उघडलं.’ त्यावर तिचं उत्तर, ‘मग तुमी जेवलात का’.

मी मोबाइल उपडा ठेवला. माझे यजमान खोपोलीच्या कारखान्यात तीस वर्षं पाळीवर जात. पाळी कुठलीही असो, दुपारी शेजारच्या किराणा दुकानात फोन करून निरोप ठेवायचे, ‘जेवायला सांगा तिला.’ दुकानदार ओरडून सांगायचा, आणि गल्लीत हसं होतं म्हणून मला त्या निरोपाचा राग यायचा. आमचा संसार खरा होता याचा पुरावा कुणी मागितला असता, तर मीही गुलाबाची फुलंच शोधत बसले असते.

दुसरी फाईल मी वेगळी लावली. दोन वर्षांचे मेसेज, दर महिन्याचा एक अख्खा आठवडा, न निवडता, न गाळता. त्यांचं अधिकृत भाषांतर करायला मुंबईचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे पाठवलं. त्यांचा वैतागून फोन आला. “बाई, हे ‘जेवलात का’ पानापानावर आहे. एकदा भाषांतर करून खाली ‘वरीलप्रमाणे’ लिहू का?” मी म्हटलं, “अजिबात नाही. जितक्या वेळा तिने विचारलं तितक्या वेळा लिहायचं.” लग्नाच्या फोटोंच्याही आधी मी गमबुटांचा फोटो लावला.

आणि वर खुलाशाचं पत्र. ते मी आधी मराठीत लिहिलं आणि मगच इंग्रजीत नेलं. त्यात लिहिलं, आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं सहसा म्हणत नाहीत. कुणी म्हटलंच, तर समोरचा घाबरून विचारतो, काय झालं, बरं नाही का? आमच्याकडे ‘जेवलास का’ असं विचारतात. उत्तर ऐकल्यावर ‘काय होतं’ असंही विचारतात. हे अर्जदार गेली दोन वर्षं रोज हे विचारत आहेत. पहिल्या अर्जात हे संदेश नव्हते, कारण फाईल लावणाऱ्या बाईला ते क्षुल्लक वाटले. ती चूक माझी आहे, अर्जदारांची नाही. खाली मी माझी सही केली. फायलीत सही करण्याची मला काही गरज नसते. ती मी पहिल्यांदा केली.

मे सरता सरता मुलाखतीचं बोलावणं आलं. दोघांची एकाच वेळी मुलाखत, तिची मुंबईत आणि त्याची तिकडच्या कचेरीत. प्रश्न तेच विचारायचे आणि उत्तरं ताडून बघायची, अशी त्यांची पद्धत आहे. झालं, माझी शिस्त पुन्हा जागी झाली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी साठ प्रश्नांची यादी काढली. घराला खिडक्या किती, सासूच्या औषधाचं नाव काय, लग्नात पंगतीला काय होतं, मिलिंदच्या खोलीतल्या पडद्याचा रंग कोणता. दोघांकडून फोनवर घोटून घेतली. “जे एकाने सांगितलं तेच दुसऱ्याने सांगायचं. एका शब्दाचा फरक पडला तर मला तोंड दाखवू नका.”

मुलाखतीला मी तिच्यासोबत गेले. ती आत गेली, मी बाहेर फुटपाथवर झाडाच्या कठड्यावर डबा मांडीवर घेऊन बसले. पाऊण तासाने ती बाहेर आली, ती पांढरीफटक.

“काकू, घोळ झाला.”

“पडद्याचा रंग चुकलीस?”

“पडद्याचं इचारलंच नाय. साठातलं एकपन नाय. त्या बाईंनी आमचे कागद चाळले, वर बघितलं, नि इचारलं, आज सकाळी तुमी काय खाल्लं?”

“मग?”

“मी म्हटलं, काय नाय. तोंडावर खोटं कसं बोलू? घासच उतरंना. पन ह्यांना मी सकाळी लिवलं होतं, दोन भाकऱ्या खाल्ल्या म्हणून. नायतर ते काळजी करत बसतात. आता तिकडं त्यांनाबी हेच इचारलं असणार, नि ते सांगणार दोन भाकऱ्या.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “रोज एवढं इचारतो एकमेकांना, नि त्याच एका गोष्टीत खोटं पडलो.”

मी संतापले. कुणावर ते कळत नव्हतं. साठ प्रश्न घोटून घेतले आणि एकसष्टावा माझ्या डोक्यातच आला नाही. आणि तो यायला हवा होता, कारण अख्खी फाईल मीच त्या प्रश्नाने भरली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तिला काहीबाही बोललेसुद्धा, “एक भाकरी पोटात ढकलली असतीस तर काय झालं असतं?” असं. मग डबा उघडून तिच्या हातात दिला. तिने तो तसाच धरून ठेवला.

अर्ध्या तासाने तिकडे मिलिंद बाहेर आला आणि त्याचा फोन आला. तिने तो माझ्याच हातात दिला.

“मिलिंद, सकाळी करुणाने काय खाल्लं, असं विचारलं का तुला?”

“इचारलं ना काकू.”

“काय सांगितलंस?”

“सांगितलं, तिनं मला लिवलंय दोन भाकऱ्या.” मी डोळे मिटले. “पन मी म्हटलं, ते खोटं हाय. तिनं काय खाल्लं नसणार. लग्नाच्या दिवशीबी तिनं असंच सांगितलं होतं मला, जेवले म्हणून, नि ताट तसंच होतं. तिला कसली धास्ती असली की ती जेवत नाय, नि मला सांगते जेवले. मी म्हटलं, मॅडम, तुमी तिकडं फोन करून इचारा पायजे तर. ती उपाशी बसली असंल तुमच्यासमोर.”

“मग? काय म्हणाल्या त्या?”

“लिवून घेतलं सगळं. मग पेन खाली ठेवलं नि मला म्हटलं, आता तुमी जाऊ शकता. जाताना म्हणाल्या, तिला काहीतरी खायला सांगा.”

फोन स्पीकरवर होता. करुणाने सगळं ऐकलं. तिने पदराने नाक पुसलं, डबा मांडीवर घेतला आणि त्या कठड्यावर बसून माझ्या डब्यातल्या तिन्ही पोळ्या संपवल्या. भाजी तिखट आहे, असंही म्हणाली.

त्यानंतर वाट बघणं. या धंद्यातलं सगळ्यात लांब काम तेच, आणि त्यात हातांना काही उद्योग नसतो. जून सरला. पोशीरला कुरियरवाल्याला घर सापडत नाही, म्हणून पासपोर्ट परत यायचा पत्ता माझ्या दुकानाचा दिला होता. जुलैच्या मध्यावर एका दुपारी लिफाफा आला. गिऱ्हाइकाचा लिफाफा मी कधी फोडत नाही, हा माझा नियम आहे. लिफाफ्याच्या वजनावरून काही कळत नाही, तरी मी तो दोनदा हातात घेऊन तोलला. शेवटी शटर अर्धं ओढलं आणि रिक्षा करून निघाले.

पोशीरला पोचले तेव्हा साडेचार झाले होते. लावणी चालली होती. त्या घरची सगळी माणसं वरच्या खाचरात ओळीने वाकलेली, डाव्या हातात रोपांच्या मुठी. बांधावर काळ्या गमबुटांचा जोड ठेवलेला होता. त्याच्याशेजारी भाकरीचं फडकं, गाठ न सोडलेलं. मला बघून करुणा ताठ उभी राहिली. कोपरापर्यंत चिखल, गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर एक पट्टा.

मी लिफाफा वर करून दाखवला. सासूने हातातली मूठ तशीच पाण्यात सोडून दिली.

करुणा बांधापर्यंत आली, लिफाफ्याला हात लावायला गेली आणि स्वतःच्या हातांकडे बघून थांबली. “काकू, तुमीच फोडा.”

मी माझा नियम मोडला. पासपोर्ट उघडला, पानं उलटली. मधल्या पानावर व्हिसाचा हिरवट कागद चिकटवलेला होता. तिचा फोटो, दोन्ही कान दिसणारा, न हसणारा, आणि तिचं नाव. मी तो तिच्यासमोर धरला. तिने नुसतं बघितलं. सासूने मला विचारलं, “लागला व्हय कागद?” मी म्हटलं, “लागला.” तिने चिखलाच्या हातानेच सुनेच्या पाठीवर एक जोराचा धपाटा घातला आणि लगेच तोंड फिरवून वाकून लावायला लागली. रोपं मात्र ओळ सोडून वाकडीतिकडी लागत होती.

“त्याला कळव,” मी म्हटलं.

“माझा मोबाइल फडक्याशेजारच्या पिशवीत हाय. हात असे. तुमीच लिवा.”

मी मोबाइल काढला. तिकडे दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. काय लिहू, असं मी विचारलं. मनात माझी वाक्यं तयारच होती. आनंदाची बातमी आहे, आपल्या प्रतीक्षेला फळ आलं, अशी.

“आधी इचारा,” ती म्हणाली, “जेवलात का.”

मी लिहिलं. उत्तर लगेच आलं. ‘हो. डाळभात केला. तू’

ते मी तिला वाचून दाखवलं. तिने बांधावरच्या न सोडलेल्या फडक्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पासपोर्टकडे. दोन वर्षं या प्रश्नाला तिने एकच उत्तर दिलं होतं, खाल्लेलं असो वा नसो.

“लिवा काकू,” ती म्हणाली, “नाय जेवले अजून. तितं येऊनच जेवते.”

चाळीस वर्षं मी लोकांचं बोलणं दुरुस्त करत आले. ते वाक्य मी तिने सांगितलं तसंच टाइप केलं आणि पाठवून दिलं.